आईच्या मेंदूतला ५ मिलिमीटरचा एन्युरिझम, मायटोकॉन्ड्रिया आणि त्या कॅप्सूल

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. आई ५८ वर्षांच्या, चक्कर येते म्हणून एमआरआय काढला तर उजवीकडच्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या, म्हणजे मेंदूतल्या एका धमनीच्या, फाट्यावर ५ मिलिमीटरचा एन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीचा फुगा, निघाला, फुटलेला नाही. बीपी आठ वर्षांपासून, गोळी आठवली तर घेतात. सकाळ-संध्याकाळ मिश्री. सख्खे मामा ४९ व्या वर्षी ब्रेन हॅमरेजनं गेले. ताईंनी नेटवर वाचलं की पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, पेशी मरतात आणि त्यामुळे रक्तवाहिनीचा फुगा होऊन फुटतो. तर हे खरं का, मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात मग मलाही होणार का, कोणीतरी सुचवलेल्या कोएन्झाइम क्यू-टेनच्या कॅप्सूल आईला चालू ठेवू का, आणि ऑपरेशन करायचं की थांबायचं.

मी ठाण्यात वीसेक वर्षं न्यूरोसर्जरी करतोय आणि हे चारही प्रश्न माझ्या ओपीडीत वेगवेगळ्या शब्दांत रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगून टाकतो, आईंची चक्कर बहुतेक या एन्युरिझममुळे नाहीये. न फुटलेला ५ मिलिमीटरचा फुगा सहसा काहीच त्रास देत नाही, तो दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या स्कॅनमध्ये सापडतो, आणि प्रौढ माणसांत साधारण शंभरात तिघांना असा फुगा असतो, त्यातल्या बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. चक्करसाठी कान आणि बीपी वेगळं तपासून घ्या.

आता मायटोकॉन्ड्रियाचं. तुम्ही वाचलंत ते बऱ्यापैकी खरं आहे, पण त्याचा अर्थ नीट लागायला हा फुगा जवळून कसा दिसतो ते सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये मेंदूच्या दोन भागांमधली फट मायक्रोस्कोपखाली हळूहळू उलगडत गेलं की तळाशी ती धमनी दिसते, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची, आणि तिच्या फाट्यावर हा फुगा. सगळीकडे सारखा नसतो तो. एका बाजूला पांढरट पिवळा, जाड, कडक, फुग्याची मान चिमटून बंद करायची क्लिप त्यावर घसरते, आणि दोन मिलिमीटर पलीकडे भिंत इतकी पातळ की आत रक्त गोल फिरताना दिसतं, लालभडक, प्रत्येक ठोक्याला थरथरतं. फुटतो तो साधारण त्या लाल पातळ जागी. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी याकडे फक्त सर्जन म्हणून बघायचो, की इथे हात लावायचा नाही. एकाच फुग्यात, एकाच प्रेशरखाली, ही जागा अशी आणि ती तशी का, हा प्रश्न नंतर पडला, आणि त्याचं उत्तर पेशींमध्ये आहे.

ठाण्यातल्या माणसाला हे इमारतीवरून पटकन कळेल. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१, सी-२ए वगैरे, नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा येतात. ऑडिटवाला इंजिनीअर भेग किती लांब आहे ते बघतोच पण हातोडी मारून आत सळई गंजलीय का ते पण बघतो, कारण छोटीशी भेग असलेला कॉलम आतून संपलेला असू शकतो आणि मोठी भेग नुसत्या प्लास्टरची असू शकते. एन्युरिझमचं तसंच आहे. आम्ही रिपोर्टमध्ये मिलिमीटर मोजतो, आणि भिंत आतून जिवंत आहे का ते त्या आकड्यात दिसत नाही.

जिवंत म्हणजे काय ते सांगतो. धमनीच्या आत एंडोथेलियमचं पातळ अस्तर असतं, त्याखाली एक इलास्टिक पडदा, आणि मधल्या थरात गोल गुंडाळलेल्या स्मूथ मसलच्या पेशी. या पेशी धमनी आकुंचन पाववतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या कोलॅजन, म्हणजे भिंतीला ताकद देणारं प्रोटीन, पण बनवतात, म्हणजे भिंत बांधणारा गवंडी भिंतीच्या आतच राहतो. मेंदूतल्या धमन्या मुळात शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा नाजूक, बाहेरचा इलास्टिक पडदा त्यांना नसतो, वरचं आवरण पातळ, आजूबाजूला आधाराला मांस नाही, नुसतं पाणी. आणि दिवसाला साधारण एक लाख ठोके त्या फाट्याच्या टोकावर आदळतात, जसा पाइपलाइनच्या टी-जोडावर पाण्याचा मार बसतो तसा.

२०१४ साली एक सुंदर अभ्यास आला. १९५० आणि ६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेतलं कार्बन-१४ वाढलं आणि मग वर्षागणिक कमी होत गेलं, त्यावरून एखाद्या उतीतलं कोलॅजन कोणत्या काळात बनलंय ते सांगता येतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या एन्युरिझमचं कोलॅजन असं तपासलं तर ते सरासरी पाच वर्षांपेक्षाही कमी वयाचं निघालं, पेशंटचं वय काहीही असो. आणि ज्यांना बीपी होतं किंवा जे सिगरेट ओढायचे त्यांचं तर अजूनच ताजं. म्हणजे फुग्याची भिंत सतत मोडतेय आणि सतत नव्यानं बांधली जातेय, रोजची डागडुजी चालू आहे. आता विचार करा, डागडुजी करणारा गवंडीच मेला तर? मोडायचं काम चालूच राहतं, कारण ते करणारी एन्झाइम भिंतीत शिरलेल्या मॅक्रोफेजसारख्या सूज आणणाऱ्या पेशी ओततच असतात, आणि बांधायचं थांबतं. ती लाल पातळ जागा म्हणजे जिथले गवंडी गेलेत ती जागा.

आता मायटोकॉन्ड्रिया यात कुठे येतात. शाळेत आपण सगळे शिकलोय की ते पेशीचं पॉवर हाऊस. बरोबर आहे पण अर्धं. माझ्या मते त्यांना पॉवर हाऊस आणि मेन स्विच एकत्र म्हणायला पाहिजे, कारण पेशीनं जगायचं की मरायचं याचा निर्णय बऱ्याचदा तिथे होतो. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या लॅबनं दाखवलं की सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन, जे मायटोकॉन्ड्रियाच्या आत ऊर्जेच्या साखळीत काम करतं, तेच बाहेर पेशीत गळलं की मरण्याची प्रक्रिया सुरू होते. आत असेपर्यंत जगवतं, बाहेर आलं की मारतं. बॅक्स नावाचं प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं, त्यातून सायटोक्रोम सी बाहेर, ते कॅस्पेज-९ या कापणाऱ्या एन्झाइमला जागं करतं, ते कॅस्पेज-३ ला, आणि कॅस्पेज-३ पेशी आतून कापून टाकतं. बीसीएल-२ हे प्रोटीन बॅक्सला अडवायचं काम करतं, म्हणजे या दोघांची सतत ओढाताण चालू असते.

स्मूथ मसलच्या पेशीवर ही वेळ का येते? फाट्यावर रक्ताचा मार आणि घुसळण, त्यात बीपी जास्त, की आतलं अस्तर चिडतं, ते धोक्याचे सिग्नल सोडतं, मॅक्रोफेज भिंतीत शिरतात, फ्री रॅडिकल म्हणजे पेशीला इजा करणारे रासायनिक कण वाढतात, कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत अडकून ऑक्सिडाइज होतात. मायटोकॉन्ड्रिया स्वतः पण काम करताना थोडे फ्री रॅडिकल सोडतातच, आणि त्यांचा स्वतःचा डीएनए, अगदी छोटा, ३७ जीन्सचा, त्या भट्टीच्या शेजारीच उघडा पडलेला असतो, पेशीच्या मुख्य डीएनएला जे प्रोटीनचं गुंडाळलेलं संरक्षण असतं ते त्याला नाही. तो डीएनए खराब झाला की साखळी नीट चालत नाही, साखळी नीट चालली नाही की अजून फ्री रॅडिकल. असं चक्र सुरू होतं. निरोगी पेशी खराब मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून गिळून टाकते, पिंक-१ आणि पार्किन ही दोन प्रोटीन त्याला खूण करतात, म्हणजे ओला कचरा सुका कचरा वेगळा केल्यासारखं रोज चालू असतं. कचरा उचलणं मागे पडलं की पेशी स्वतःच बाद होते. त्यात मेंदूतल्या बहुतेक धमन्यांच्या भिंतीला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या नसतात, भिंत जाड झाली की आतल्या थराला ऑक्सिजन पोचणं अवघड, मग मायटोकॉन्ड्रियाची अजून अडचण.

हे नुसतं पुस्तकातलं नाही, भिंतीत बघितलंय. जपानच्या नोबुओ हाशिमोतो यांनी १९७८ च्या सुमारास उंदरांमध्ये मेंदूचे एन्युरिझम तयार करायची पद्धत काढली, बीपी वाढवायचं, मानेतली एक धमनी बांधायची म्हणजे दुसरीकडे प्रवाह वाढतो, आणि एक रसायन द्यायचं ज्यानं कोलॅजन आणि इलास्टिनचे टाके पडत नाहीत. ते रसायन मूळचं स्वीट पी नावाच्या फुलझाडाच्या बियांमधलं, आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातलं झाड. त्यांच्याच गटानं १९९८ मध्ये दाखवलं की फुगा तयार होताना मधल्या थरातल्या स्मूथ मसल पेशी अपोप्टोसिसनं, म्हणजे वर सांगितलेल्या आतून कापून मरण्याच्या पद्धतीनं, मरतात. मग २००४ मध्ये हेलसिंकीच्या लोकांनी माणसांचे ६६ एन्युरिझम तपासले, ४२ फुटलेले आणि २४ न फुटलेले, आणि भिंतीचे चार प्रकार केले, स्मूथ मसल पेशी ओळीत नीट लागलेल्या इथपासून ते जवळजवळ पेशीच नाहीत, नुसता पातळ पापुद्रा आणि आतून रक्ताची गुठळी चिकटलेली इथपर्यंत. त्या शेवटच्या प्रकारातले सगळे फुटलेले होते. फिनलंडमधूनच पुढे २०१३ मध्ये आलं की भिंतीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकलचा मार, जास्त तिथे पेशींचं मरणही जास्त, आणि त्यात तो मायटोकॉन्ड्रियातून जाणारा कॅस्पेज-९ चा रस्ता चालू होता.

इथे एक शंका घ्यायलाच पाहिजे आणि मी अनेक वर्षं घेत होतो. फुटलेल्या फुग्यात पेशी मेलेल्या दिसल्या म्हणून पेशी मेल्यामुळे फुगा फुटला असं कसं म्हणायचं, फुटल्यानंतर पण मेल्या असतील की. ऑपरेशनमध्ये मिळणारा तुकडा हा अपघातानंतरचा फोटो असतो. याचं उत्तर मला २०१४ च्या उंदरांवरच्या एका प्रयोगात मिळालं. त्यांनी धमनीचा तुकडा दुसऱ्या उंदराच्या मोठ्या धमनीला फुग्यासारखा शिवला, काहींमध्ये पेशी जिवंत ठेवून, आणि काहींमध्ये डिटर्जंटनं सगळ्या पेशी धुवून टाकून, म्हणजे कोलॅजनचा सांगाडा तोच, गवंडी गायब. जिवंत पेशींचे फुगे टिकले, बरेचसे आपोआप भरून आले. पेशी नसलेले मोठे होत गेले आणि त्यातले काही फुटले. यातलं एक वाक्य मी शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून सांगतो, की आपण फुग्यात तारेची कॉइल भरतो किंवा धमनीत जाळीचा फ्लो डायव्हर्टर बसवतो तेव्हा शेवटी जखम भरून काढायचं काम भिंतीतल्या जिवंत पेशींनीच करायचं असतं, आपण फक्त त्यांना वेळ मिळवून देतो.

मरण्याचे प्रकार पण अनेक आहेत, त्यात फार खोल जात नाही. अपोप्टोसिस म्हणजे शांतपणे मरणं, हे नाव १९७२ चं, ग्रीकमध्ये पानगळ अशा अर्थाचा शब्द, पेशी आक्रसते आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. पायरोप्टोसिस आणि नेक्रोप्टोसिसमध्ये पेशी फुगून फुटते आणि आतला माल बाहेर सांडतो. त्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सांडला तर गंमत नाही, कारण मायटोकॉन्ड्रिया हे कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत राहायला आलेल्या बॅक्टेरियाचेच वंशज, त्यांचा डीएनए पाहून शरीराला वाटतं जंतू शिरले, आणि सूज अजून भडकते. फेरोप्टोसिस हे २०१२ मध्ये नाव मिळालेलं, लोहामुळे पेशीच्या पडद्यातली चरबी खवट होऊन होणारं मरण. ते फुगा फुटल्यावर जास्त महत्त्वाचं ठरतं असं दिसतंय, कारण सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडून लोह मोकळं होतं आणि मेंदूच्या पेशी त्यात भिजत असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो वाचून मला वाटलं की तुम्ही रात्री झोपत नसाल. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो हे खरं. पण मायटोकॉन्ड्रिया चालवायला हजाराच्या वर प्रोटीन लागतात, त्यातली मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवर फक्त १३, बाकी सगळी मुख्य डीएनएवर, तो आई-वडील दोघांकडून. आणि मेंदूचा एन्युरिझम हा आईकडून मुलांकडे उतरणारा मायटोकॉन्ड्रियाचा आजार नाहीच. तुम्ही वाचलेला बिघाड हा बहुतांश आयुष्यात कमावलेला असतो, बीपीनं, धुरानं, वयानं. २०२० मध्ये हजारो पेशंटच्या जीन्सचा मोठा अभ्यास झाला त्यात १७ जागा सापडल्या ज्या एन्युरिझमशी जोडलेल्या आहेत, आणि बीपी व धूम्रपानाकडे असलेला अनुवांशिक कल हा पण त्यात ठळक दिसला. म्हणजे घराण्यात येतं त्यातला काही भाग बीपीच्या वाटेनंच येतो. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे फुगे जास्त दिसतात, इस्ट्रोजेन धमनीच्या अस्तराला सांभाळतं ते कमी होतं म्हणून असावं, पण त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या स्वतःहून सुरू करायच्या नसतात.

तरीही घरात दोन जण असतील, तर बाकीच्या जवळच्या नातेवाइकांनी एकदा एमआर अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करून घ्यावा असं आम्ही सांगतो, त्यात इंजेक्शन नसतं, रेडिएशन नसतं. तुमच्या बाबतीत दुसरा माणूस म्हणजे मामा, आणि तिथे एक मोठी गोची आहे, त्याकडे शेवटी येतो.

कॅप्सूल. लॉजिक वरवर बरोबर वाटतं, मायटोकॉन्ड्रिया थकलेत, कोएन्झाइम क्यू-टेन त्यांच्याच साखळीतला भाग आहे, मग देऊया. ताई, माझ्या क्षेत्राला हे लॉजिक आधी फार महागात पडलंय. टिरिलाझॅड नावाचं औषध होतं, फ्री रॅडिकलपासून चरबीचं संरक्षण करणारं, प्राण्यांमध्ये मस्त काम करायचं. १९९० च्या दशकात फुटलेल्या एन्युरिझमच्या पेशंटवर मोठ्या ट्रायल झाल्या, पहिल्या एकीत पुरुषांमध्ये फायदा दिसला, सगळ्यांना आशा वाटली, मग उत्तर अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये तो फायदा टिकला नाही. हार्ट अटॅकमध्ये सायक्लोस्पोरिन देऊन मायटोकॉन्ड्रियाचं एक दार बंद ठेवायचा प्रयत्न झाला, उंदरांमध्ये चाललं, २०१५ च्या ट्रायलमध्ये माणसांत काहीच फरक नाही. स्टॅटिन, मॅग्नेशियम, हे सगळं हॅमरेजच्या पेशंटवर करून बघितलंय, उपयोग नाही. फुटल्यानंतर देतात ते निमोडिपिन तेवढं टिकलं, २१ दिवस, दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम. आणि क्यू-टेननं एन्युरिझम लहान होतो किंवा फुटायचा थांबतो असं माणसांत कोणी दाखवलेलं नाही. ते विषारी नाही, पण कोणी वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध घेत असेल तर त्याचा परिणाम बदलू शकतं, आणि माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आई ती कॅप्सूल मनापासून घेतील कारण ती मेंदूसाठी म्हणून आणलीय, आणि बीपीची गोळी आठवली तर. पैसे आणि आठवण दोन्ही बीपीच्या गोळीवर खर्च करा.

कारण बीपीची गोळी हेच आज आपल्या हातातलं मायटोकॉन्ड्रियाचं औषध आहे, मी हे शोभेसाठी म्हणत नाहीये. वर सांगितलेलं ते सगळं चक्र, मार, सूज, फ्री रॅडिकल, पेशीचं मरणं, त्याच्या सुरुवातीलाच हात घालणारी गोष्ट तीच. मी माझ्या पेशंटना घरी १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतो. घरी मशीन ठेवा, दंडाचं, मनगटाचं नको, सकाळी गोळीच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर दोनदा मोजा आणि वहीत लिहा. गोळी एक दिवस आड घेतली की बीपी झोके घेतं आणि भिंतीला ते झोके नकोच असतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा सगळं मिळून, त्यात लोणचं पापड आणि कळव्याकडच्या घरांमध्ये सुका जवळा, सुके बोंबील असतात ते पण धरायचे, सुकटीत मीठ किती असतं याचा हिशोब कोणी करत नाही.

आणि मिश्री. आई म्हणतील मी काय सिगरेट ओढत नाही, दात घासते. एन्युरिझमचे अभ्यास सिगरेटवर झालेत हे खरं, सिगरेटचा धूर वाढ आणि फुटणं दोन्हीशी जोडलेला आहे, त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर मायटोकॉन्ड्रियाच्या साखळीच्या शेवटच्या कडीलाच चिकटतो. मिश्रीत धूर नाही पण भाजलेली तंबाखू आहे, निकोटिन हिरड्यातून थेट रक्तात जातं आणि नाडी आणि बीपी वर नेतं, दिवसातून दोनदा, रोज, चाळीस वर्षं. माझ्याकडे एक आजी यायच्या, बीपी काही केल्या उतरत नव्हतं, तीन गोळ्या चालू. एकदा सून म्हणाली डॉक्टर या दुपारी पण लावतात. डबी बंद झाली आणि दोन महिन्यांत एक गोळी कमी करता आली. एकदम सोडवत नसेल तर आधी संध्याकाळची बंद करा, डेंटिस्टला दाखवा, तोंडाचा कॅन्सर हे त्याचं दुसरं कारण आहेच.

अजून एक बारीक गोष्ट, पोट बिघडलं की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणून घ्यायची सवय आपल्याकडे आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या गटाच्या अँटिबायोटिक्सबद्दल इशारा दिला, तो छाती-पोटातल्या मोठ्या धमनीच्या एन्युरिझमबद्दल आहे, मेंदूच्या नाही. तरी धमनी आधीच कमजोर असलेल्या माणसानं ती मनानं घेऊ नयेत, पर्याय असतो, डॉक्टरांना एन्युरिझम आहे हे सांगा.

आता ऑपरेशन. आम्ही फुटायचा धोका मोजायला फेजेस नावाचा स्कोअर काढतो, सहा अभ्यासांतल्या ८३८२ पेशंटवरून बनवलेला. आईंचा बीपीचा १, आणि मिडल सेरेब्रलच्या जागेचे २, वय ७० च्या आत आणि आकार ७ मिलिमीटरच्या आत म्हणून त्याचे शून्य, एकूण ३. याचा अर्थ पाच वर्षांत फुटायची शक्यता सुमारे ०.७ टक्के. दुसऱ्या बाजूला न फुटलेल्या एन्युरिझमवर उपचार केल्यावर त्रास होण्याचं प्रमाण, मोठ्या आढाव्यात, कॉइलिंगच्या वाटेनं साधारण ५ टक्के आणि क्लिपिंगनं साधारण ८ टक्के. मी स्वतः क्लिप लावतो, लावायला आवडतं, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की आज आईंना मी टेबलवर घेणार नाही. मात्र या स्कोअरवर माझा आंधळा विश्वास पण नाही. त्यात तंबाखू धरलेली नाही, घराणं धरलेलं नाही, त्यातले पेशंट युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानचे आहेत, आणि भिंत जिवंत आहे का हे तर त्यात येतच नाही. म्हणून मी आकार बघतो, फुगा गुळगुळीत आहे की त्याला अजून एक छोटा कोंब फुटलाय, आणि शक्य असेल तिथे भिंतीचा खास एमआरआय, ज्यात सुजलेली भिंत कॉन्ट्रास्ट घेऊन उजळते. सहा महिन्यांनी पुन्हा एमआर अँजिओ, मग वर्षाला एकदा. वाढला किंवा आकार बदलला तर माझं मत लगेच बदलेल. अ‍ॅस्पिरिन मात्र कोणी सांगितलं म्हणून स्वतःहून चालू करू नका.

या काळात एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधला पेशंट आठवतो, मशीनवर उभा असताना डोक्यात कोणी घण घातल्यासारखं दुखलं, क्षणात, आयुष्यात कधी असं दुखलं नव्हतं. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सहाव्या दिवशी फुगा दुसऱ्यांदा फुटला तेव्हा तो माझ्याकडे आला, बेशुद्ध. त्या पहिल्या दिवशी साधा सीटी झाला असता तर, हे मला अजून वाटतं. तर असं अचानक, एका क्षणात शिगेला पोचणारं डोकं दुखलं, मान आखडली, उलटी झाली, किंवा एका डोळ्याची पापणी एकाएकी खाली आली, तर दवाखाना नाही, सीटी आणि न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

राहिले मामा. आपल्याकडे ब्रेन हॅमरेज हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या आजारांना वापरतात. बीपीनं मेंदूच्या आत खोलवरची बारीक नस फुटते तो एक, आणि एन्युरिझम फुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्त पसरतं तो दुसरा. ४९ व्या वर्षी बीपीवाल्या माणसाला पहिला जास्त वेळा होतो. मामांचा पहिला असेल तर घरात एन्युरिझमचा एकच माणूस आहे, आई, आणि तुमची काळजी बरीच कमी होते. दुसरा असेल तर आईंच्या निर्णयाचं पारडं माझ्या मनात थोडं उपचाराकडे झुकतं, आणि तुम्ही, तुमची भावंडं आणि मामांची मुलं सगळ्यांनी एमआर अँजिओ करायचा. हे फक्त तेव्हाच्या सीटीवरून कळेल. मामींना विचारा, अशा फाइली लोक सहसा टाकत नाहीत, कपाटावर किंवा गादीखाली ती मोठी काळी प्लेट असते. ती घेऊन या, आईंच्या एमआरआयची सीडी आणि बीपीची वही पण आणा, नुसता छापील रिपोर्ट नको.